खाजणपाड्याचा नवा फलाट

मुलांनो, जरा डोळे मिटा.

समजा, तुम्ही एका लहान स्टेशनावर उभे आहात. मागे कापणी झालेली भाताची शेतं. पुढे रूळ, आणि रुळांपलीकडे मिठागरं. सूर्य नुकताच बुडालाय. दिवे लागलेत, पण अंधार अजून पुरता पडलेला नाही. गाडीला थोडा वेळ आहे. फलाटावर तुम्ही एकटेच आहात.

आणि तुमच्या पायांखालून कुणीतरी बोलतं...

उघडा डोळे.

ही गोष्ट खरी आहे. मोठी माणसं वाचून हसतील. हसू द्या. त्या संध्याकाळी मी तिथे होते, हसणारे नव्हते.

वसई रोडहून दिवा जंक्शनकडे जी लाईन जाते, तिच्यावरचं हे स्टेशन. खरं नाव सांगत नाही. गोष्टीतली मुलगी अजून लहान आहे, तिला कुणी शोधत जाऊ नये. आपण गावाला खाजणपाडा म्हणू. काळ गेल्या वर्षीचा, मार्गशीर्षातला.

मी वसईत राहते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले, पण शिकवायची सवय निवृत्त झाली नाही. दर शनिवारी दुपारी मेमूने, म्हणजे तिथल्या लोकल गाडीने, खाजणपाड्याला जाते, मुलांना वाचन-गणित शिकवते आणि संध्याकाळच्या मेमूने परत येते. तिथली मुलं मला बाई म्हणतात. तुम्हीही म्हणा.

आधी त्या स्टेशनाची सुधारणा कशी झाली ते ऐका. भुताची पाळी नंतर.

पूर्वी तिथला फलाट म्हणजे मातीचा एक लांबट ओटा होता. जमिनीपासून गुडघाभरसुद्धा उंच नाही. गाडीचा दरवाजा पार छातीच्या वर. खाजणपाड्याच्या बायका संध्याकाळच्या गाडीने वसईच्या बाजाराला जायच्या. हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, वालाच्या शेंगा, मुळा, माठ, कधी गावठी अंडी. भरलेला हारा घेऊन त्या उभ्या पायऱ्या एकटीने चढता यायच्या नाहीत. म्हणून त्यांची एक रीत होती.

पहिली बाई रिकाम्या हातांनी वर चढायची आणि दारात उकिडवी बसायची. खालची बाई हारा उचलून द्यायची, वरची ओढून घ्यायची. मग मनगटाला मनगट धरून ती बाईच वर. अशा एकेक करत सगळ्या. कोण कुठल्या पाड्यातली, कुणाचं कुणाशी वाकडं, ते त्या वेळी काढायचं नाही. हात पुढे आला की धरायचा. नाव विचारायचं नाही.

सगळ्या चढल्या, की दारातली बाई वाकून खाली बघत मोठ्याने विचारायची,

"कोन राहिलं का गो?"

कुणी मागे असेल तर खालून आवाज यायचा, "मी राहिले!" मग गार्डाच्या नावाने आरडाओरडा, दोन शिव्या, हशा, आणि ती वर.

कुणी नसेल तर उत्तर यायचं नाही.

मगच दारातली बाई उठायची.

आणि मग सुधारणा आली.

काय काय आलं बघा. ग्रॅनाइटचे बाक आले. ते उन्हात असे तापायचे की कुत्रंसुद्धा त्यांच्यावर बसत नसे. शौचालय आलं, त्याला कुलूप आलं, किल्ली काही आली नाही. गाडीची वेळ दाखवणारी पाटी आली. ती अजूनही दिवसरात्र "स्वागत" एवढंच दाखवते. 'आय लव्ह खाजणपाडा' अशी लाल दिव्यांची अक्षरं आली. हातपंप मात्र गेला, कारण फोटोत तो बरा दिसत नव्हता.

गाड्या? होत्या तेवढ्याच राहिल्या. एकही वाढली नाही.

आणि फलाट उंच झाला. माती-मुरुमाचा भराव, वर पेव्हर ब्लॉक.

कंत्राटदाराचा माणूस होता प्रितेश. कोवळा, गॉगल लावणारा. मला म्हणाला, "मॅडम, एकदम लेव्हलमध्ये काम आहे. मुंबईत पण असा फलाट नाही."

माझ्या एका विद्यार्थ्याने खिशातून गोटी काढून फलाटावर ठेवली. गोटी स्वतःहून निघाली आणि रुळांत जाऊन पडली.

"पाण्याचा निचरा व्हायला पाहिजे ना, मॅडम," प्रितेश म्हणाला.

अशी ती माणसं.

आता जयवंतीचं सांगते.

काम अर्धं झालं होतं. भाद्रपद संपत आला होता. फलाटाचं एक टोक उंच झालं होतं. दुसऱ्या टोकाला नुसती भिंत उभी होती आणि तिच्यामागे भराव टाकायचा मोठा खड्डा. त्या संध्याकाळी मेमू आली, ती नेमकी उंच टोकाला लागली. बायका हारे घेऊन सरळ आत चालत गेल्या. कुणाला वाकावं लागलं नाही. कुणाचा हात लागला नाही. शेवटची चढली बायजा. गावातली सगळ्यात बोलकी बाई, जयवंतीची जिवाभावाची मैत्रीण.

"बघा गो," ती हसत म्हणाली, "राणीवानी चालत आले!"

दारात कुणी बसलं नाही.

कुणी विचारलंही नाही...

वसईला हारे उतरले, तेव्हा एक बाई कमी होती.

जयवंती.

तिचा हारा खाजणपाड्याच्या फलाटावर सापडला. सरळ ठेवलेला. शेंगांवर शिंपडलेलं पाणी अजून सुकलं नव्हतं. डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळ त्याच्या शेजारी होती.

जयवंती नव्हती.

फलाटावर कॅमेरा होता. प्रितेशला विचारलं, "त्यात काय दिसतं?"

"मॅडम, कॅमेरा बसवलाय. चालू करायचं काम आमच्याकडे नाही."

खड्ड्यात पाहिलं, खाडीत पाहिलं, मिठागरांत पाहिलं. मग शोधणारे दमले आणि बोलणारे सुरू झाले. गेली असेल कुणाबरोबर. फोनवर फार बोलायची. भाजी विकणाऱ्या बायका, त्यांचं काय सांगावं. ज्यांनी आयुष्यात कधी कुणाचा हारा उचलून दिला नाही, त्यांच्या तोंडी असली वाक्यं फार सुंदर बसतात.

तिचा नवरा शत्रुघ्न मिठागरावर कामाला. तो मला एवढंच म्हणाला, "बाई, ती मला सोडून जाईल. पन भरल्याला हारा टाकून जायची नाय."

त्यांची एकच मुलगी. रचना. चौथीत. माझ्या वर्गात सगळ्यात पुढे बसायची. आई गेल्यापासून ती दर शनिवारी वर्ग सुटल्यावर माझ्याबरोबर फलाटावर यायची. गाडी आली की सगळे डबे बघून घ्यायची. मग घरी जायची.

कुणी तिला विचारलं, काय बघतेस? तर म्हणायची, "काय नाय."

पुढे खड्डा भरला. ब्लॉक बसले. उद्घाटनाला मंडप उभा राहिला, तोरणं लागली, पाहुणे मोटारीतून आले. भाषणात म्हणाले, खाजणपाडा आता मागे राहणार नाही. टाळ्या झाल्या. पाहुणे मोटारीतूनच गेले. गाडी यायची वेळ झाली, तेव्हा ते जेवत होते.

त्यानंतरचा शनिवार.

वर्ग सुटला होता. मी बाकावर बसले होते. मुलं फलाटावर गाडी-गाडी खेळत होती. एक मोटरमन, एक गार्ड, बाकीचे प्रवासी. रचना शेवटी चढली. खेळातल्या दारात उकिडवी बसली आणि आईसारखा आवाज काढून ओरडली,

"कोन राहिलं का गो?"

शेतातली किरकिर एकदम थांबली.

मला वाटलं, भास.

लाल अक्षरांखाली एक कुत्रं झोपलं होतं. ते उठलं. ब्लॉकांकडे बघत बघत मागे सरकलं... आणि पळालं.

मग खालून आवाज आला.

"...मी राहिले."

बाईचा आवाज. बसलेला. तोंडात माती असावी तसा.

मुलं खेळता खेळता जागीच थिजली. मग गार्ड पळाला, मोटरमन पळाला, सगळी गाडीच पळाली. रचना तेवढी राहिली. ती ब्लॉकांवर कान लावून पालथी पडली होती.

"आई?" ती म्हणाली.

उत्तर आलं नाही.

मी तिला उठवायला गेले. मी वाकून फलाटाच्या कडेवरून खाली पाहिलं. भिंत. सलग, सिमेंटची, माणूस सोडा, उंदीर शिरायला जागा नाही.

मी मागे वळले, तर रचनाने कंपासमधली पट्टी काढून ब्लॉकांच्या फटीत घातली होती. एक ब्लॉक वर आला. मग दुसरा. सहज येत होते, पापडासारखे. एवढ्या बातम्या छापून आल्या त्या कामाच्या, पण सिमेंट घालायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

गाव जमलं. शत्रुघ्न पहार घेऊन धावत आला. प्रितेश मोटारसायकलवरून आला आणि लांबूनच ओरडला, "ए, ए! कामाची वॉरंटी जाईल!"

"तुझ्या वॉरंटीला पुरीन याच्यात," शत्रुघ्न म्हणाला. प्रितेश मोटारसायकलवरून उतरलाच नाही.

पोलीस आले. त्यांच्यासमोर खणलं. मुरूम निघाला, विटांचे तुकडे निघाले, सिमेंटच्या फाटक्या गोण्या निघाल्या. मग जुना ओटा लागला. वर्षानुवर्षं बायकांच्या पायांनी घोटून गुळगुळीत झालेला.

बाकी काही नाही.

काहीच नाही.

दुसऱ्या टोकालाही खणलं. तिथेही नाही.

"काय मॅडम," प्रितेश गॉगल पुसत म्हणाला, "भूत आज सुट्टीवर?"

मूर्ख मुलांना मी आयुष्यभर समजावलं, पण त्यांना निदान शिकायचं असायचं.

ब्लॉक पुन्हा बसवले गेले. आता ते नुसतेच उतरते नव्हते, वाकडेही होते.

रचना रडली नाही. घरी जाताना तिने माझा हात धरला.

"बाई, सगळे चुकले."

"कसे गं?"

"तिला खणून काढायचं नव्हतं. ती अडकलेली नाय. ती चढायला बघते. तिला हात पायजे."

मी म्हटलं, "शहाणी माझी." शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो असंच म्हणतो.

मग तो मार्गशीर्षातला शनिवार आला. रविवारी वसईत शिष्यवृत्तीची सराव परीक्षा होती. रचनाने रात्री माझ्याकडे राहावं असं ठरलं. शत्रुघ्न सोडायला आला. आणि आश्चर्य म्हणजे बायजाही आली. जयवंती गेल्यापासून ती त्या स्टेशनावर फिरकली नव्हती. टेम्पोने बाजाराला जायची, भाडं परवडत नसलं तरी. आम्ही पहारी घेऊन खणत होतो, तेव्हाही ती घरात दार लावून बसली होती.

"आज कशी आलीस?" मी विचारलं.

"पोर आईविना जाते ना," ती म्हणाली. मग हळूच, "बाई, त्या दिवशी दारात मी होते. मी इचारायला पायजे होतं."

गाडी आली. बायका चालत आत गेल्या. मी गेले, बायजा गेली. शत्रुघ्नने हात हलवला आणि तो फाटकाकडे वळला. रचना चढली, पण आत आली नाही.

ती दारात उकिडवी बसली.

"रचना, आत ये."

तिने ऐकलं नाही. फलाट आणि गाडी यांच्यामध्ये वीतभर फट होती. खाली काळोख. तिने त्या फटीत वाकून विचारलं,

"कोन राहिलं का गो?"

डब्यातल्या एकीच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली.

फटीतून गार हवा आली. ओल्या मातीचा वास आला.

"...मी राहिले."

सगळ्यांनी ऐकलं. डब्यातल्या सगळ्या बायकांनी. आजही विचारा, नाही म्हणणार नाहीत. फक्त विषय बदलतील.

रचनाने त्या फटीत हात घातला. खांद्यापर्यंत.

मी ओरडले. गाडीने भोंगा दिला. गाडी हलली असती तर त्या हाताचं काय झालं असतं, ते मी तुम्हाला सांगत नाही. मी धावले, तिच्या कमरेला मिठी मारली आणि मागे ओढलं.

ती आली नाही.

तिचा हात ताणला गेला होता. खालून कुणीतरी धरला होता.

"सोडू नका, बाई!" ती म्हणाली. "आई येतेय!"

मग जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. एका बाईने मला मागून धरलं. तिला दुसरीने. हारे बाजूला सरकले. कुणीतरी जुन्या सवयीने "हं... वर!" म्हणालं, आणि सगळ्यांनी एकदम ओढलं.

जड होतं. भरलेल्या हाऱ्यापेक्षा जड.

मग एकदम हलकं झालं, आणि आम्ही एकमेकींवर कोसळलो. रचनाचा हात बाहेर होता. धडधाकट. मनगटाला ओली माती.

गाडी सुटली.

दारात कुणी नव्हतं. पण दारापाशी उभ्या असलेल्या दोन बायका आपोआप मागे सरकल्या. मधून कुणी जाताना आपण सरकतो, तशा. मग त्यांच्यामागच्या सरकल्या. मग त्यांच्यामागच्या. ती वाट खिडकीजवळच्या बाकापर्यंत गेली आणि थांबली.

रचना त्या वाटेने चालत गेली. तिचं तोंड उजळलं होतं.

मी बायजाकडे पाहिलं. वाटलं, ती तरी आता मोकळी झाली असेल.

ती पांढरीफटक पडली होती. हाऱ्याला धरून बसली होती. तिने माझा पदर ओढला.

"बाई," ती पुटपुटली, "मी जयवंतीबरोबर ल्हानपनापासून आहे. झोपेत वळखीन तिचा आवाज."

"मग?"

"हा तिचा नाय."

आता त्या फलाटावर खालून आवाज येत नाही. स्टेशन चकाचक आहे. पाटीवर स्वागत चालू आहे. प्रितेशला म्हणे बढती मिळाली, त्याच्यासारख्यांना मिळतेच. त्या दिवशी आम्ही कुणाला वर घेतलं, हे मला ठाऊक नाही. जयवंतीची काहीच खबर नाही. शनिवारी खाजणपाड्याला उतरले, की मी शत्रुघ्नच्या घरावरून जाते, पण तिन्हीसांजेनंतर आत जात नाही. रचना तशी ठीक आहे. अभ्यास चांगला करते. हल्ली वर्गात शेवटच्या बाकावर बसते, आणि शेजारी दुसऱ्या कुणाला बसू देत नाही.

पण तुम्ही विचाराल, त्या गाडीत पुढे रचनाने काय केलं?

ती खिडकीजवळच्या बाकावर बसली. दप्तर उचलून मांडीवर घेतलं. जरा सरकून शेजारी एका माणसाची जागा केली. गाडी खाडीच्या पुलावर आली, तेव्हा तिला झोप येऊ लागली.

मग तिने डोळे मिटले आणि मान त्या रिकाम्या बाजूला कलती केली.

तिथे कुणी नव्हतं...

तिचं डोकं हवेत मध्येच टेकलं, आणि ती झोपली.